वैद्याच्या हातातील कॅमेरा : छायाचित्रणाची प्राथमिक ओळख

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी दर्शन हे असे साधन आहे की, ज्याची नोंद शब्दांत करताना सर्वाधिक हानी होते. व्रणाची आकृती, मंडलाचा वर्ण, शोथाची मर्यादा यांचे वर्णन आपण रुग्णपत्रकात कितीही काळजीपूर्वक केले तरी तीन महिन्यांनंतर ते वाचणाऱ्या दुसऱ्या वैद्यास आपण जे पाहिले ते दिसत नाही. ‘किंचित रक्ताभ’, ‘पूर्वीपेक्षा बरेच कमी’ अशा शब्दांना प्रमाण कोणते? ही उणीव छायाचित्र भरून काढू शकते. परंतु ते काढण्यामागील शास्त्र ठाऊक असेल तरच. आज प्रत्येक वैद्याच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरीही परिषदांतून व शोधनिबंधांतून समोर येणारी चिकित्सापूर्व आणि चिकित्सोत्तर छायाचित्रे पाहताना श्रोत्यांच्या मनात शंका उत्पन्न होते, हा आम्हां सर्वांचा अनुभव आहे. या शंकेचे मूळ पुष्कळदा चिकित्सेत नसून छायाचित्राच्या पद्धतीत असते. म्हणून प्रस्तुत लेखात कॅमेऱ्याची मूलतत्त्वे आणि त्यांचा चिकित्सालयात व औषधालयात करावयाचा उपयोग यांचा विचार आम्ही केला आहे.

वैद्यक आणि छायाचित्रण यांचा संबंध महाराष्ट्राला नवीन नाही. १८३९ साली पॅरिस येथे दागेर यांची प्रकाशचित्रणपद्धती जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही या सोसायटीशी संबंध होता. भाऊ दाजींचे नाव कुष्ठरोगावरील कडू कवठीच्या तेलाच्या प्रयोगासाठी घेतले जाते, तर नारायण दाजी वैद्यकाबरोबरच छायाचित्रकार म्हणूनही ओळखले गेले. काचेच्या पट्ट्या आणि रसायने हाताळण्याचे कष्ट त्या पिढीने घेतले. आपल्याला केवळ तीन-चार तत्त्वे समजून घ्यावयाची आहेत.

प्रकाशाचे त्रिकूट

कॅमेरा म्हणजे मूलतः एक अंधारी पेटी. तिच्या पुढील बाजूस भिंग, भिंगामध्ये लहान-मोठे होणारे छिद्र, प्रकाश किती काळ आत यावा हे ठरविणारी झडप आणि मागील बाजूस प्रकाश ग्रहण करणारा पटल. पूर्वी या पटलाच्या जागी फिल्म असे, आता सेन्सर असतो. छिद्र (अॅपर्चर), झडपेची गती (शटर) आणि पटलाची संवेदनशीलता (आय.एस.ओ.) या तिहींच्या मेळावर चित्राचा उजळपणा अवलंबून असतो. औषधयोगातील घटकांप्रमाणे यांपैकी एकाचे प्रमाण बदलले की दुसऱ्याचे बदलावे लागते.

छिद्राचे माप एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ असे लिहितात. हा आकडा भागाकार दर्शवितो; म्हणून आकडा मोठा तेवढे छिद्र लहान. या क्रमातील प्रत्येक पायरीवर आत येणारा प्रकाश निम्मा होतो. झडपेची गती १/३०, १/६०, १/१२५ सेकंद अशी असते आणि तेथेही प्रत्येक पायरी सुमारे निमपटीची. आय.एस.ओ. १००, २००, ४००, ८०० अशा दुपटीने वाढते. उदाहरणार्थ, एफ/४, १/६० सेकंद आणि आय.एस.ओ. ४०० या योगाने चित्र योग्य उजळ येत असेल आणि आपण छिद्र एफ/८ केले, तर प्रकाश चौपटीने घटला. तो भरून काढण्यासाठी आय.एस.ओ. १६०० करावी, किंवा झडप १/१५ सेकंद उघडी ठेवावी.

मग हे छिद्र लहान करावयाचेच कशासाठी? कारण प्रत्येक घटकाचा एक गुण आहे आणि एक दोष. छिद्र मोठे असता भिंगापासून विशिष्ट अंतरावरील पातळ थरच स्पष्ट येतो, पुढचे व मागचे धूसर होते. लहान छिद्राने स्पष्टतेची खोली वाढते. जवळून काढलेल्या व्रणाच्या चित्रात ही खोली एफ/२.८ ला काही मिलिमीटरच उरते, म्हणजे कडा स्पष्ट आणि तळ धूसर, किंवा उलट. अशा वेळी एफ/८ ते एफ/१६ हे माप सोयीचे. झडप फार काळ उघडी राहिली तर हात हलून चित्र पुसट होते; म्हणून १/६० हून मंद गतीस तिपाई आवश्यक. आणि आय.एस.ओ. फार वाढविली तर चित्रात रवाळ कण दिसू लागतात. सूक्ष्म पिडकांच्या चित्रात हे कण विशेष घातक ठरतात.

भिंग, अंतर आणि आकार

भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये देतात. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या पूर्ण सेन्सरवर ५० मि.मी. चे भिंग सामान्य मानले जाते. त्याहून कमी ते विस्तृत दृश्याचे, त्याहून अधिक ते दूरचे जवळ आणणारे. मोबाईलमधील मुख्य कॅमेऱ्याचे भिंग या मापाने साधारण २४ ते २८ मि.मी. इतके, म्हणजे विस्तृत दृश्याचे असते. त्यामुळे आपण चित्र भरण्यासाठी नकळत फार जवळ जातो, आणि जवळ गेले की पुढचा भाग प्रमाणाबाहेर मोठा व मागचा लहान दिसतो. चेहऱ्याच्या चित्रात नाक फुगते, गुडघ्याच्या चित्रात शोथ वाढल्यासारखा वाटतो. पुढल्या वेळी वैद्य दोन पावले मागे उभा राहिला तर तोच शोथ उतरलेला दिसेल, औषध दिलेले असो वा नसो. उपाय साधा आहे : मागे सरावे आणि मोबाईलमध्ये दुप्पट वा तिप्पट वाढीचे स्वतंत्र भिंग असल्यास ते वापरावे. केवळ बोटांनी ताणून केलेली वाढ म्हणजे चित्राचा कापलेला तुकडा होय; तीत नवा तपशील येत नाही.

स्वतंत्र कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास भिंग बदलता येणारा कोणताही साधा कॅमेरा पुरेसा आहे. अलीकडे आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस, कॅमेरे अधिक प्रचलित असले तरी आरशाचा जुना डी.एस.एल.आर. कॅमेराही या कामास उत्तम चालतो. खर्च करावयाचा तो भिंगावर. ६० ते १०० मि.मी. चे मॅक्रो भिंग घेतल्यास रुग्णापासून सोयीस्कर अंतर राखून लहानसा व्रणही स्पष्ट टिपता येतो. खऱ्या मॅक्रो भिंगात वस्तूचा आकार सेन्सरवर एकास एक या प्रमाणात उमटू शकतो.

वर्ण आणि प्रकाश : शंकेचे मुख्य स्थान

आपल्या शास्त्रात वर्णाला फार महत्त्व आहे, आणि कॅमेरा नेमका तेथेच फसवितो. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण उजळपणाचे. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. रुग्णास पांढऱ्या चादरीवर बसविले तर ते मापक चादर करडी करू पाहते आणि त्वचा काळवंडते. काळ्या पडद्यापुढे बसविले तर त्वचा उजळते. श्वित्राच्या रुग्णाचे पहिले चित्र गडद पार्श्वभूमीवर आणि दुसरे पांढऱ्या चादरीवर काढले तर डाग भरून आल्याचा आभास सहज निर्माण होतो. येथे कोणी लबाडी केलेली नसते. पण वाचणाऱ्यास ते कसे कळावे? म्हणून पार्श्वभूमी नेहमी एकच असावी. फिकट निळे वा राखाडी, चमक नसलेले सुती कापड उत्तम. भडक लाल वा पिवळे कापड त्वचेवर आपला रंग परावर्तित करते. मोबाईलच्या पडद्यावर रोगस्थानी बोट क्षणभर दाबून धरल्यास बहुतेक फोनमध्ये स्पष्टता आणि उजळपणा दोन्ही स्थिर होतात, आणि शेजारील सूर्यचिन्ह वरखाली सरकवून उजळपणा कमी-अधिक करता येतो.

दुसरे कारण प्रकाशाच्या रंगाचे. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात : जुन्या तारेच्या दिव्याचा सुमारे २७०० ते ३२००, मध्यान्हीच्या सूर्यप्रकाशाचा सुमारे ५५००, ढगाळ आकाशाचा ६५०० वा त्याहून अधिक. आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर, अधिक तितका निळसर. आपला डोळा हा फरक नकळत दुरुस्त करतो; कॅमेरा अंदाजाने करतो आणि प्रत्येक वेळी निराळा. पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांचा शुक्ल भाग हारिद्र दिसेल आणि निळसर प्रकाशात रक्ताभ मंडल श्याव. खिडकीचा प्रकाश आणि विजेचा दिवा एकत्र आले तर एकाच चित्रात दोन रंग उमटतात आणि मग कोणतीही दुरुस्ती पुरत नाही. म्हणून एकाच प्रकारचा प्रकाश वापरावा, आणि प्रत्येक प्रसंगाच्या पहिल्या चित्रात रोगस्थानाशेजारी छायाचित्रकारांकडे मिळणारे करडे पत्र, म्हणजे ग्रे कार्ड, ठेवावे. पुढे दोन चित्रे ताडून पाहताना पत्राची छटा सारखी असेल तर त्वचेच्या वर्णातील फरक खरा मानता येतो.

चिकित्सालयात उत्तरेकडे खिडकी असल्यास तेथील प्रकाश सर्वांत सौम्य. तेथे थेट ऊन सहसा येत नाही. परंतु पावसाळ्यातील दुपार आणि वैशाखातील दुपार यांत फार अंतर पडते. नियमित काम करावयाचे असेल तर दोन सारखे एल.ई.डी. दिवे दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत कायमचे बसवून घ्यावेत. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदास शंभर वेळा लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. झडप १/५० वा १/१०० सेकंदावर ठेवल्यास ते टळतात. भिंगाभोवती बसणारा वलयाकार फ्लॅश सावली पुसतो, म्हणून मुखातील चित्रांस तो उपयोगी. मात्र उत्सेधयुक्त पिडका त्यात सपाट दिसतात. उत्सेध वा व्रणाची खोली दाखवावयाची असेल तर एका बाजूने तिरपा प्रकाश द्यावा. जिव्हापरीक्षेचे चित्र शक्यतो सकाळी, चहा, तांबूल वा हळदयुक्त चूर्ण घेण्यापूर्वी काढावे, हे वेगळे सांगावयास नको.

चिकित्सालयातील विधी

प्रत्येक वेळी तीन चित्रे काढावीत : पहिले दुरून, अवयव कोणता व बाजू कोणती हे कळेल असे, दुसरे मध्यम अंतरावरून, विकृतीचा विस्तार दाखविणारे, तिसरे जवळून, मापपट्टीसह. कॅमेरा विकृतीच्या पृष्ठभागास समांतर धरावा. अंतर राखण्यासाठी जमिनीवर खूण करावी. नाहीतर कॅमेऱ्यास दोरी बांधून तिला ठरावीक ठिकाणी गाठ मारावी. हा उपाय फुकटचा आहे आणि अत्यंत विश्वसनीय आहे.

मापासाठी नाणे ठेवण्याची प्रथा सोडावी. २०११ पासूनचे एक रुपयाचे नाणे सुमारे २२ मि.मी. व्यासाचे आहे, त्यापूर्वीचे बराच काळ प्रचलित असलेले नाणे २५ मि.मी. चे होते, आणि दोन्ही आजही हातात येतात. पहिल्या चित्रात लहान आणि दुसऱ्यात मोठे नाणे ठेवले गेले तर न भरलेला व्रणही आठव्या हिश्श्याने आकसलेला भासेल. त्यापेक्षा मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी छापून घ्यावी, तिच्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक व दिनांक लिहावा आणि प्रत्येक रुग्णास नवी पट्टी वापरावी.

मोबाईलमधील सौंदर्यवर्धन, पोर्ट्रेट आणि फिल्टर या सोयी बंद कराव्यात. त्वचा गुळगुळीत करण्याचे काम आपल्या औषधाचे आहे, यंत्राचे नव्हे. मूळ चित्रास हात लावू नये; त्याची प्रत काढून ती कापणे वा सरळ करणे एवढेच क्षम्य, वर्ण बदलणे नाही. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने चित्र पाठविल्यास ते आक्रसते आणि त्यातील दिनांकादी नोंदीही गळतात. सहकाऱ्याचा सल्ला घ्यावयाचा असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, मात्र तत्पूर्वी चित्रासोबत स्थळाची नोंद होण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रे कोणाची काढावीत ही. ज्यांना गुण येईल असे वाटते त्यांचीच चित्रे काढली, आणि गुण आला त्यांचीच जपली, तर तो संग्रह कितीही स्वच्छ असला तरी पुरावा होत नाही. अमुक व्याधीचा येणारा प्रत्येक रुग्ण, पहिल्या दिवशी, औषध देण्यापूर्वी. त्यानंतर ठरलेल्या दर पंधरा दिवसांनी, मग उपशय असो वा अनुपशय. असा नियम आरंभीच करावा. गुण न आलेल्या रुग्णांची चित्रे दाखविणाऱ्या वैद्याच्या गुण आलेल्या चित्रांवर सभागृहाचा विश्वास बसतो.

संमती आणि कायदा

रुग्णाने चिकित्सेस दिलेली संमती ही छायाचित्रास दिलेली संमती नव्हे. रुग्णपत्रकातील नोंद, सहकाऱ्यांशी विचारविनिमय आणि प्रकाशन या तीन हेतूंसाठी रुग्णास समजेल अशा मराठीत, किंवा त्याच्या भाषेत, तीन स्वतंत्र संमती घ्याव्यात. नकार दिल्यास उपचारांत कोणतेही न्यून राहणार नाही हे त्यास प्रथमच सांगावे. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपत नाही. हातावर गोंदलेले नाव, एखादा जन्मखूण वा विशिष्ट दागिना पुरेसा बोलका असतो. अर्श-भगंदराची किंवा स्त्रीरुग्णांची चित्रे काढताना तिसरी व्यक्ती उपस्थित असावी, बालकाच्या बाबतीत पालक. अशी चित्रे घरातील मुलेबाळे हाताळतात त्या मोबाईलमध्ये राहता कामा नयेत.

जाहिरातीच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कुष्ठरोग, श्वित्र इत्यादी व्याधींचा समावेश आहे, आणि त्या औषधाने बऱ्या होतात असे सुचविणारी जाहिरात करण्यास मनाई आहे. चिकित्सालयाच्या फलकावर किंवा समाजमाध्यमांवर लावलेली श्वित्राची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडचित्रे या कक्षेत येऊ शकतात. शुद्ध शास्त्रीय दृष्टीने लिहिलेल्या ग्रंथ-प्रबंधांना हा अधिनियम बाधक नाही. तेव्हा आपल्या चित्रांचे योग्य स्थान शोधनिबंध हे आहे, रस्त्यावरील फलक नव्हे.

औषधालयात आणि वनात

औषधनिर्मात्यांना कॅमेऱ्याचा उपयोग द्रव्याच्या ओळखीसाठी आणि नोंदीसाठी होतो. वनस्पतीचे एकच सुंदर चित्र ओळखीस निरुपयोगी असते. संपूर्ण वनस्पती व तिचा परिसर, पानाची वरची व खालची बाजू, पान फांदीस कसे जोडलेले आहे तो सांधा, फूल समोरून व बाजूने, फळ, साल. असा संच हवा. सीतेचा अशोक आणि रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारा आसुपालव यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. पानाचे केवळ टोक टिपले तर दोहोंत संभ्रम होऊ शकतो. सांधा टिपला की एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असलेले खऱ्या अशोकाचे संयुक्त पान आणि नागमोडी कडेचे आसुपालवाचे एकेरी पान तत्काळ वेगळे होते. खऱ्या अशोकाचे नारिंगी-तांबडे पुष्पगुच्छ व चपटी शेंग, तसेच आसुपालवाची हिरवट फुले व फळांचे घोस यांचीही जोड द्यावी. केशरासारख्या मौल्यवान द्रव्यास मॅक्रो भिंग लावले की टोकाशी तुतारीप्रमाणे रुंदावणारा केशराचा तंतू आणि पाच पाळ्यांत विभागणारे करडईचे नळीसारखे पुष्प यांतील भेद पडद्यावर स्पष्ट दिसतो.

माल उतरवून घेतेवेळी प्रत्येक गोणीतील नमुना करड्या कापडावर पसरून, मापपट्टी, लॉट क्रमांक आणि दिनांक यांसह त्याचे चित्र काढण्याची शिस्त लावावी. पुरवठादाराशी पुढे वाद उद्भवल्यास ही नोंद कामी येते. मात्र चित्राची मर्यादाही ध्यानात असावी : चूर्णाचे चित्र म्हणजे चूर्णाची परीक्षा नव्हे. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. त्याच्या नेत्रभिंगावर मोबाईल स्थिर धरून दिसणारे पेशीरूप मात्र अवश्य टिपावे. तसेच गंध, रस आणि स्पर्श यांचे चित्र निघत नाही. सुकवून जपलेल्या नमुन्याची जागाही चित्र घेऊ शकत नाही.

आरंभ कसा करावा

आरंभी नवीन कॅमेरा घेण्याची घाई करू नये. हाती असलेला मोबाईल, एक तिपाई, दोन दिवे, करडे पत्र, कागदी मापपट्ट्या आणि दोन मीटर सुती कापड एवढ्या सामग्रीवर प्रारंभ करावा. रुग्णाकडे वळण्यापूर्वी स्वतःच्या पद्धतीची परीक्षा घ्यावी. पंधरा दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागी स्वतःच्या डाव्या तळहाताचे चित्र काढावे आणि शेवटी सर्व चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. निरोगी तळहात पंधरवड्यात फारसा बदलत नाही. चित्रे मात्र बदललेली दिसली, तर प्रकाश, अंतर वा पार्श्वभूमी यांपैकी काय सुटले ते शोधून काढावे. ती चित्रे एकसारखी येऊ लागली की पुढील रुग्णाच्या पत्रकास पहिले छायाचित्र जोडण्यास हरकत नाही.